डुलकीचा ठेका

ऐन हळदीत लाइट गेली आणि मयूरच्या डीजेचे सगळे बॉक्स एकदम मुके झाले. नाचणाऱ्यांचे हात वरच राहिले.

“लोडशेडिंग. आता दोन तास बघायला नको,” कुणीतरी म्हणालं. “जनरेटर लाव की.”

“तो पण रुसलाय,” मयूर दोरी ओढून घामाघूम झाला होता.

हळदीनं माखलेल्या राखीनं कोपऱ्यात बसलेल्या बापाकडे पाहिलं. “पप्पा, तुम्ही वाजवा ना.”

भिकन सकाळपासून याच शब्दांची वाट पाहत होता. ढोलकी त्यानं कपाटामागे कापडात गुंडाळून तयारच ठेवली होती. पोरीच्या हळदीत आपणच वाजवायचं, हे ती रांगत होती तेव्हापासून त्याच्या मनात होतं. पण हल्ली ढोलकी कोण सांगतो? लग्न म्हटलं की आधी डीजे ठरतो, नवरा मागाहून मिळाला तरी चालतो.

गंमत अशी, की डीजेवर वाजणारा ठेका भिकनचाच होता. शहाण्णव साली अंबडच्या कारखान्यात लागोपाठ दोन पाळ्या करून तो कॅसेट भरायला गेला होता. वाजवताना डुलकी लागली, एक थाप हुकली. परत घेऊ म्हणाला, पण स्टुडिओवाल्याला घाई. त्यानं तोच तुकडा पुन्हा पुन्हा जोडून अख्खं गाणं भागवलं. पुढे त्याच ठेक्यावर जयंतीची गाणी आली, हळदीची आली, एका उमेदवाराच्या प्रचाराचंही आलं. गाणारे बदलले, ठेका तोच. थाप हुकते तिथं लोक गुडघ्यात वाकायला लागले आणि बघता बघता ती नाचायची रीतच होऊन बसली. भिकनला मात्र ती थाप इतकी वर्षं सलत होती. आज पोरीसमोर ती भरून काढायची, एवढंच त्याला हवं होतं.

त्यानं ठेका धरला, एकही थाप न गाळता. चार पावलं बरी पडली. मग सगळे वाकायला गेले आणि एकमेकांवर आदळले.

“काका, चुकतंय तुमचं,” मयूर आपुलकीनं म्हणाला. “तिथं झटका येतो.”

राखी जवळ आली. “पप्पा, ओरिजनलसारखं वाजवा ना.”

“ओरिजनल मीच वाजवलंय गं,” भिकन हळूच म्हणाला. “तिथं मला झोप लागली होती.”

भिकनला राग आला नाही, नुसता थकवा आला. मांडवात काय वाद घालायचा? त्यानं ती थाप गाळून वाजवायला सुरुवात केली. मांडव खूश झाला, शिट्ट्या पडल्या.

तेवढ्यात लाइट आली. मयूरनं बटण दाबलं, बॉक्स दणाणले आणि ढोलकी बुडून गेली. भिकननं हात उचलले. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

राखी गर्दीतून वाट काढत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. “थांबलात का?”

“आता कुणाला ऐकू जाणार?”

“मला दिसतंय ना,” ती त्याच्या कानाशी ओरडून म्हणाली. “तुम्हाला पाहिजे तसं वाजवा.”

भिकननं पुन्हा ढोलकीवर हात ठेवला. राखी त्याच्या बोटांकडे बघत नाचू लागली. ती जागा आली तशी त्यानं थाप दिली. सगळा मांडव गुडघ्यात वाकला. राखी तेवढी ताठ उभी होती.