तीस सेकंदांचा चमचा

भैयालालचं डोकं फिरलं होतं, आणि कुणाचंही फिरलं असतं. माणूस पंचवीस वर्षं भिलाईच्या प्लांटात मॅग्नेट क्रेन चालवतो, भंगाराचे ढीग चुंबकाने उचलतो, आणि त्याचीच सख्खी मोठी बहीण त्याला चुंबक म्हणजे काय ते शिकवते!

झालं होतं ते असं. कोरोनाची लस घेतली की दंडाला चमचा चिकटतो, असा व्हिडिओ त्या मे महिन्यात मोबाइलवर फिरत होता. लोकांचं खूळ जावं म्हणून लस घेतलेल्या भैयालालने स्वतःचाच व्हिडिओ काढला. आधी घामेजल्या दंडाला चमचा चिकटवला, मग दंड पुसून पावडर लावली. चमचा टणकन खाली. ‘घाम आहे बाबांनो, चुंबक नाही!’ मोठ्या हौसेने त्याने तो स्टेटसला टाकला. स्टेटसला तीस सेकंदांच्या वर काही मावत नाही, म्हणून त्याचे दोन तुकडे पडले. लोकांनी पहिला उचलला. तोच भिलाईतल्या पावर हाउस भागातल्या बाजारापासून शेजारच्या जामुलपर्यंत पोचला, वर शीर्षक: ‘खुद्द मॅग्नेट ऑपरेटरचा पुरावा’. दुसऱ्या तुकड्याला कुत्रं विचारेना.

जामुलला त्याच्या मोठ्या बहिणीने, शेवंताबाईने, तो पाहिला आणि लस घेणार नाही म्हणून हटून बसली. बावन्न वर्षांची, दम्याची बाई. तिच्या गल्लीतली दोन माणसं त्याच महिन्यात गेली होती. जवळच्या शाळेतलं लसीकरण त्या दिवशी चारला बंद होणार होतं आणि पुढचा साठा कधी येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. भैयालाल तीनला मोटारसायकलने पोचला तो चमचा आणि पावडरचा डबा घेऊनच.

“हे पाय बाई,” म्हणत त्याने आपल्या दंडाला पावडर फासली. चमचा पडला.

“पडनच ना,” शेवंताबाई म्हणाली. “तुले सुई घेऊन महिना झाला. पावर उतरला असन.”

“अवं, त्या व्हिडिओत मीच हावो ना!”

“म्हनून त इस्वास ठेवला. तू मले खोटं सांगशीन का?”

भैयालालने कपाळावर हात मारून घेतला. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? चिडून त्याने चमचा तिच्याच दंडावर दाबला. पत्र्याची खोली, वीज गेलेली, बाई घामाने निथळत होती. चमचा चिकटला.

“अगं माय! मले त सुई लागलीच नाही!”

“तेच सांगून राहिलो ना मी!” भैयालालचा जीव भांड्यात पडला.

“तुह्यापासूनच लागलं मले. आत्ताच हात लावला ना तू.”

जीव भांड्यातून पुन्हा बाहेर आला. साडेतीन वाजले होते. बोंब मारावी की रडावं, त्याला कळेना.

शेवंताबाईने चमचा काढला आणि पुन्हा लावून पाहिला.

“आता चिकटलंच हाय,” ती पदर सावरत उठली, “त सुईले कावून भेवू? चाल, घेऊनच टाकतो.”

घाम, पावडर, पंचवीस वर्षांचं चुंबक, सगळं भैयालालच्या जिभेवर आलं. एक शब्द काढला असता तर ती पुन्हा खाटेवर बसली असती.

“हो बाई,” तो खाली बघत म्हणाला, “लागलंच म्हन आता. चाल लवकर.”

जन्मात पहिल्यांदाच तो बहिणीशी खोटं बोलला. मोटारसायकलवर मागे बसून तिने त्याचा खांदा घट्ट धरला होता.