दिवसाला दोन मंत्र

कल्याणीचा जादूगार पहिल्याच दुपारी आडवा झाला आणि त्याचा सगळा राग तिनं सख्ख्या भावावर काढला.

"हा कसला जादूगार? दोन मंत्र म्हणले की खलास! पुस्तकातले जादूगार डोंगर हलवत्यात, डोंगर!"

"पुस्तकातल्या जादूगाराला लेखक सांभाळतो," प्रबुद्ध म्हणाला. "हितं फासा हाय. त्याला तुझी दयामाया न्हाई."

दोन हजार चार सालचा मे महिना. महाळुंगे पडवळमध्ये दुपारी लाईट नसायची, म्हणून चौघं पडवीत सतरंजी टाकून बसत. प्रबुद्ध पुण्याला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर हा खेळ शिकून आला होता, नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स घेऊन. खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. तुम्ही करायला गेलात ते साधलं की फसलं, हे वीस बाजूंचा एक निळा फासा ठरवणार. गोष्ट सांगणारा अर्थात प्रबुद्ध. शेजारची हर्षाली तलवार घेऊन उभी, तिचा चुलतभाऊ ऋषी धनुष्य घेऊन, आणि कल्याणी जादूगार. जादूगार व्हायचं तिनं खेळ समजण्याआधीच ठरवलं होतं.

कारण जादूगारांतलं तिला कळत होतं. जुन्नरला मामाकडे गेली की तिथल्या वाचनालयातून ती असल्या कादंबऱ्या आणायची आणि जेवताना ताटाशेजारी ठेवून वाचायची. त्यातला जादूगार अर्धं पुस्तक नुसता दाढी कुरवाळत बसतो. सगळे मेले आता, असं वाटलं की हात वर करतो आणि काम फत्ते. त्याच्यात जोर किती, तो संपतो कधी, हे कोणी विचारत नाही. विचारलं तर मजाच जाईल. आणि इथं? सकाळी उठून दोन मंत्र निवडायचे. एकदा उच्चारला की तो मंत्र दुसऱ्या सकाळपर्यंत डोक्यातून पुसला जाणार. मग बाईसाहेब हातात काठी घेऊन हर्षालीच्या पाठीमागे लपणार.

"थ्री फेजसारखं हाय राव," ऋषीनं तोडगा सांगितला. "आली तवा मोटार चालवून घ्यायची. गेली की बांधावर बसायचं."

कल्याणीनं त्याच्याकडे असं बघितलं की तो पाणी प्यायला उठून गेला.

चिडली तरी ती रोज दुपारी सगळ्यांच्या आधी सतरंजीवर हजर असायची. खरं सांगायचं तर तिला जादूगाराइतकाच भाऊ हवा होता. होस्टेलवर गेल्यापासून दादा घरी यायचा तो पावण्यासारखा. जेवायचा, झोपायचा, विचारलं तेवढं बोलायचा आणि एस.टी. धरायचा. पप्पांशी तर तेवढंही नाही. या खेळात मात्र तो हात हलवत, आवाज बदलत बोलायचा, आणि तिला लहानपणीचा दादा परत दिसायचा. हा खेळ मोडू नये, एवढंच तिचं त्या सुट्टीतलं मागणं होतं.

गोष्ट अडली होती किल्ल्याच्या दरवाजात. तिथं एक पिशाच उभं. डोळे लाल, तोंडातून जाळ. प्रबुद्ध रोज तेच वर्णन करायचा. काळी कमान, गंजलेल्या साखळ्या, दारासमोर हिरवंगार गवत, आणि त्या गवतात पाय रोवून उभं पिशाच. वर्णन म्हणजे कादंबरीतली नक्षी, असं समजून कल्याणी तेवढा वेळ मंत्र निवडत बसायची. हर्षालीनं तलवार चालवली, भाजली. ऋषीनं बाण मारले, भाजला. कल्याणीनं एक दिवस पाण्याचा मंत्र टाकला, एक दिवस बर्फाचा. चौघांपैकी हसत होता तो फक्त प्रबुद्ध.

आणि एका दुपारी पप्पा घरी आले.

भागुजी गुरुजी शाळेत शिकवायचे, आणि सुट्टीत गावोगाव चमत्कारांचे प्रयोग करून दाखवायचे. त्यांच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती. तिच्यातून लिंबू निघायचं, ते कापलं की रक्त यायचं. नारळ आपोआप पेटायचा. गुरुजी स्वतःच्या तोंडातून जाळ काढायचे. लोकांनी हात जोडले, की हा बाबा लगेच चष्मा पुसून सगळ्याची फोड करून सांगायचा. हा कापूर, ही पावडर, हे चाकूला लावलेलं रसायन. कुणी भोंदू येऊन तुमाला लुबाडू नये म्हणून दाखवलं, आता टाळ्या वाजवा आन् घरी जावा. दहावीपर्यंत ती पेटी प्रबुद्ध उचलायचा. मग एका वर्षी त्यानं उचलणं सोडलं. का, ते त्यानं सांगितलं नाही. पप्पांनी विचारलं नाही. पोराला बापाची लाज वाटायला लागली, असं त्यांनी मनाशी धरलं आणि पेटी स्वतः उचलायला लागले.

तर गुरुजींनी पेटी खाली ठेवली आणि सतरंजीवरचा कल्याणीच्या जादूगाराचा कागद उचलून मोठ्यानं वाचला. "जादूगार. मंत्र. पिशाच." चष्म्यावरून त्यांनी एकेकाकडे बघितलं. "मी गावोगाव कंठशोष करतो, आन् माझ्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून मंत्र म्हणताय? बंद करा हे."

हर्षाली आणि ऋषी चपला शोधायला लागले. प्रबुद्धनं फासा खिशात टाकला, आत गेला, आणि बॅगेची चेन ओढल्याचा आवाज पडवीत आला. "सोमवारी जातो," त्यानं आईला सांगितलं.

आता गप्प बसलं तर दादा दिवाळीलासुद्धा येईल की नाही कोण जाणे! कल्याणी पप्पांसमोर जाऊन उभी राहिली.

"पप्पा, तुमी लोकांना काय सांगता? तपासल्याबिगर काय मानायचं न्हाई."

"मग?"

"मग तपासल्याबिगर वाईट तरी कसं म्हणता? एकदा खेळा. जादूगाराचाच राग हाय ना? माझा घ्या. मग काय ते ठरवा."

स्वतःच्याच वाक्यात माणूस अडकला की त्याचा चेहरा कसा होतो, ते त्या दिवशी गुरुजींकडे बघून कळलं असतं. "उद्या दुपारी," ते म्हणाले. "पण नियम सगळे सांगायचे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी फाशाचीच तपासणी केली. पेल्यातल्या पाण्यात मीठ कालवून फासा त्यात तरंगवला, बोटानं पुन्हा पुन्हा ढोसला. एकच आकडा वर येतो का, हे बघायचं होतं. "फासा सरळ हाय," त्यांनी जरा नाराजीनंच कबूल केलं. मग मांडी घालून बसले आणि कल्याणीचा कागद पुढ्यात घेतला. आपला जादूगार दुसऱ्याच्या हातात बघताना कल्याणीला वासरू विकल्यासारखं वाटलं.

प्रबुद्धनं सुरुवात केली, पण आवाजात जीव नव्हता. काळी कमान. गंजलेल्या साखळ्या. दारासमोर हिरवंगार गवत. पिशाच.

"आता मंत्र म्हणा, गुरुजी," हर्षाली पुढं सरकली.

"मी मंत्र म्हणणार न्हाई."

"मग जादूगार कशाला झालात?" कल्याणी ओरडली.

"तूच केलंस." गुरुजींनी चष्मा पुसला. ही खूण कल्याणीच्या ओळखीची होती. "प्रबुद्ध, गवत हाय म्हणलास ना? जळालंय का?"

प्रबुद्धनं मान वर केली. "न्हाई. हिरवं हाय."

"पिशाच हितं कधीपासून हाय?"

"शंभर वर्षं. रोज जाळ सोडतंय."

"शंभर वर्षं जाळ, आन् पायाखालचं गवत हिरवं?" गुरुजी पुढं वाकले. "माझा जादूगार सरळ चालत जातो आन् त्या गवतात बसतो."

"पिशाचानं तोंड उघडलं."

"उघडू दे."

"जाळ तुमच्या अंगावर आला."

"येऊ दे की! मी गवताला हात लावून बघतो. गार हाय का?"

कल्याणीला बसवेना. एवढे दिवस तिनं जपलेला जादूगार पप्पा जाळाच्या तोंडी देऊन बसले होते, तेही दोन्ही मंत्र शिल्लक असताना! तो जळाला की खेळही संपला आणि दादाही गेला. तिनं फासा उचलून पप्पांच्या हातात कोंबला. "टाका, लवकर टाका."

"फासा नको," प्रबुद्ध म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "पुरावा हातात आला की फासा लागत न्हाई. खेळाचा नियमच हाय. गवत गार हाय. जाळ अंगावरून गेला आन् केस पण जळाला न्हाई. पिशाच नव्हतंच तिथं. कुणीतरी दाखवत व्हतं, आन् बघणारे मानत व्हते."

"आमी भाजलो ते?" ऋषी उसळून म्हणाला.

"तुमी मानलं म्हणून भाजलात."

हर्षालीनं कपाळावर हात मारला. ऋषी दोन्ही हातांनी मांड्या बडवत हसायला लागला. कल्याणीला हसावं की रडावं कळेना. गवत रोज तिच्या कानांवर पडत होतं, आणि ती मंत्र निवडत बसली होती.

गुरुजी मात्र हसले नाहीत. ते मुलाकडे बघत राहिले. "हे त्या झेरॉक्सच्या पुस्तकातलं हाय?"

"न्हाई."

"मग कुठनं आणलंस?"

प्रबुद्ध सतरंजीचा दोरा ओढत बसला. "घोडेगावचा कार्यक्रम आठवतो? तुमी तोंडातनं जाळ काढला, आन् एक म्हातारी चळाचळा कापायला लागली. तुमी तिचा हात धरून तिला जवळ आणलं. म्हणलात, आजी, माझ्या मिशा बघा, जळाल्यात का? मी पेटी घेऊन मागं उभा व्हतो. होस्टेलवर सगळ्यांनी गोष्टी रचल्या. राक्षस, राजे. मला तीच आठवली. तिथं दोनदा खेळलो. पुण्याच्या पोरांना पण गवत दिसलं न्हाई."

गुरुजींनी पुन्हा चष्मा काढला, पण या वेळी काचांऐवजी डोळेच पुसले.

"मला वाटलं, तुला लाज वाटती," ते म्हणाले.

"वाटायची," प्रबुद्ध म्हणाला. "वर्गातली पोरं लिंबूवाला म्हणायची मला. मग पुण्याला गेलो आन् कळलं, असलं काय कुणाच्याच बापाला येत न्हाई."

बराच वेळ गुरुजी हातातला कागद सरळ करत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "सोमवारी आळ्याला कार्यक्रम हाय. पेटी जड झालीय आता."

"मी घेतो की," प्रबुद्ध म्हणाला.

आतून आईनं बॅग उचलून पुन्हा फळीवर ठेवल्याचा आवाज आला. कल्याणीला इतका आनंद झाला की तिला राग आठवला. "पप्पा, आता माझा जादूगार द्या बरं इकडं."

गुरुजींनी कागद छातीशी धरला.

"थांब की," ते म्हणाले. "दार आत्ता कुठं उघडलंय. आन् माझे दोन मंत्र शिल्लक हायेत."