पांढऱ्या खडकावरचं शेवाळ

"खडकावर शेवाळ उगवलं गं! एका रात्रीत उगवलं!"

पाण्याबाहेर डोकं काढून कांग मावशी ओरडली आणि आमच्या कोरियातल्या जेजू बेटाच्या किनाऱ्यावर सगळ्यांनी गुडघे टेकले. गावाचा मांत्रिक पेकबाबा झगा सावरत उभा होता. आदल्या दिवशी त्याने ढोल बडवून सागरराजाची समजूत काढली होती.

"राजा रुसला होता, एवढंच!" तो म्हणाला. "म्हणे समुद्र तापला. अरे, पाणी तापतं ते किटलीत!"

लोक खदखदून हसले. हसू होतं समुद्राचा अभ्यास करणाऱ्या डॉ. हान यांच्यावर. समुद्र तापतोय, म्हणून शेवाळ मेलं आणि खडक पांढरे पडले, असं त्या महिनाभर सांगत होत्या. शेवाळावर जगणारे शंख उपाशी आहेत; उरलेलेही काढले तर बीज संपेल. शंख काढायचे की समुद्र बंद ठेवायचा, याचा कौल त्याच दुपारी होता.

असे निर्णय आमच्या शंख काढणाऱ्या पाणबुड्या बायका दगडी आडोशातल्या शेकोटीभोवती घेतात. सर्वांत खोल जाणारी वाऱ्याच्या बाजूला बसते, नवखी धूर खाते. डॉ. हान यांना दारातच उभं केलं होतं.

"बाई, तुम्ही किती खोल जाता?" कांग मावशीने विचारलं.

"मी जात नाही. उपकरण सोडते."

"म्हणजे बुडायची भीती! आणि आम्हाला समुद्र शिकवणार!"

त्यांच्या मोजमापांकडे मग कुणी पाहिलंही नाही.

वाऱ्याच्या बाजूला बसली होती माझी आई, को मालसुन. मी शाळेत विज्ञान शिकवते. बुडी मारायला आईने शिकवलं. मी त्या खडकापर्यंत जाऊन आले होते. आणलेलं शेवाळ मी शेकोटीपाशी ठेवलं.

"उगवलेलं शेवाळ खडकाला घट्ट चिकटतं. हे दुसरीकडून उपटून आणलंय आणि मासेमारीच्या पारदर्शक दोऱ्याने बांधलंय."

मानाने आत बसवलेला बाबा गोड हसला. "पोरी, मला तर पोहताही येत नाही. बांधणार कोण?"

"गाठ बघा."

शेवाळ हातोहात फिरू लागलं. या बायका आपापल्या जाळ्या स्वतः बांधतात. उजव्या हाताने बांधलेल्या गाठी उजवीकडे वळतात. ही डावीकडे वळली होती. गावात डावखुरी पाणबुडी एकच.

कांग मावशीने आईकडे पाहिलं. "आक्का, तू?"

"हो, मी," आई म्हणाली. "डॉक्टरीणबाईंचं खरं आहे, हे मला त्यांच्या आधीपासून माहीत आहे. खाली रोज मीच जाते ना! पण समुद्र बंद झाला तर उद्या मी कोण? घरात बसलेली म्हातारी!"

बाबा तोवर दारातून पसार झाला होता.

आईला उठवून धुराच्या बाजूला बसवलं. आता तरी शहाणपण येईल, असं मला वाटलं. कांग मावशीने घसा साफ केला.

"बाबा खोटा निघाला, पण शंख तर खरे आहेत ना? काढायचे म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

धुरातून पहिला हात वर आला. डावा. पाठोपाठ सगळे आले.

हिवाळा सरायच्या आत शंख संपले. खडक अजून पांढरेच आहेत.

बाबाची लबाडी पकडायला एक गाठ पुरली. तिच्या खालची लबाडी आपली आपल्यालाच पकडावी लागते. जाणकाराचं म्हणणं झिडकारण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: ते खोटं आहे, की मला नको आहे? समुद्र कुणाचे हात मोजत नाही.