टमटममधून उतरायचं नाही

आमचा मृत्युंजय भाजी पोचवायला जातो की पाहुण्यांत फिरायला, हे मला कितीतरी महिने कळलंच नाही. सकाळी चाकूरहून टमटम भरून निघायचा, दिवेलागणीला परत यायचा आणि ताटावर बसला की म्हणायचा, भूक न्हाई. भूक कुठून असणार? लातुरात ज्या दारात मेथीची जुडी द्यायची, त्या दारात हा चपला काढून आत बसायचा. चहा झाला की पोहे. नको म्हणलं तर त्यांना वाईट वाटतं, म्हणायचा. तोवर उन्हात उभ्या टमटममध्ये पालक माना टाकायचा, त्याचं वाईट कुणाला वाटत नव्हतं.

गिऱ्हाईक तरी कसलं, बहुतेक सगळे आपलेच. आत्या औसा रोडला, मामेबहीण बार्शी रोडला, बायकोची बहीण अंबाजोगाई रोडला. जुडी जुडीसाठी अख्ख्या लातूरला प्रदक्षिणा.

सून अंबिका मोबाईलवर मागण्या घेते, हिशेबही तिच्याकडेच. एके दिवशी भाकरी थापता थापता तिनं सांगून टाकलं, डिझेल सगळा नफा खातंय. दसऱ्यापर्यंत असंच चाललं तर टमटम विकायची आणि माल पुन्हा अडतीला घालायचा.

अडत म्हणजे मेथी आपली आणि भाव दुसऱ्याच्या तोंडचा. आमच्या मालकांच्या, मृत्युंजयच्या बापाच्या मागं उभी राहून तो भाव मी उभा जन्म ऐकलाय. पुन्हा ऐकायची माझी तयारी नव्हती. दुसऱ्या दिवशी मी टमटममध्ये चढून बसले. मृत्युंजय म्हणाला, माय, तुझे गुडघे. म्हणलं, बसायला गुडघे लागत न्हाईत.

आधी माझी नणंद दानम्मा, म्हणजे त्याची आत्या. तिसऱ्या मजल्यावरून तिनं आम्हा दोघांना वर बोलावलं. मी गुडघे दाखवले. हा गेला तो गेलाच. खाली आला तेव्हा तोंड पुसत होता, आणि तिनं घेतली होती कोथिंबिरीची एक जुडी.

मग आम्ही क्लासेसच्या भागात गेलो. तिथं आमचं एकच गिऱ्हाईक, देगलूरची उज्वला. पोरगी सृष्टी डॉक्टरकीच्या क्लासला, म्हणून आई चौथ्या मजल्यावर खोली घेऊन राहिलेली. मृत्युंजयनं पिशवी उचलली. मी त्याचा सदरा धरला आणि म्हणलं, खालूनच हाक मार.

"माय, गिऱ्हाईकाला खाली बोलवायचं? बरं दिसतंय का ते?"

मग मीच हाक मारली. माझी हाक विहिरीवरून पार वरच्या रानात जाते, चार मजल्यांचं काय. उज्वलाच नाही, गॅलरी-गॅलरीत एकेक बाई आली. उज्वला खाली उतरली, टमटममध्ये अंबाडी बघितली आणि पानांवरून हातच फिरवत राहिली. लेकराच्या क्लासपायी घर सोडून आलेल्या तिच्यासारख्या कितीजणी. कुणी नांदेडची, कुणी हिंगोलीची. लेकरं दिवसभर क्लासला, ह्या बायका खोलीतल्या भिंती बघत. कोण एवढं ओरडतंय बघायला उतरल्या आणि कडुनिंबाखाली थांबल्या. एकीनं वांगी घेतली की दुसरीलाही वांगीच पाहिजेत. कुणी ज्वारीचं पीठ विचारलं, कुणी दही. गावभर फिरून जो माल अर्धाही संपत नव्हता, तो एका झाडाखाली संपला.

अंबिकानं त्याच दिवशी सगळ्यांना कळवलं. मंगळवारी आणि शुक्रवारी, कडुनिंबाखाली. मागणी आदल्या दिवशी सांगायची, तेवढंच तोडायचं. पाहुण्यांनीही तिथंच यायचं.

दानम्मा रुसली. भाच्याला माझं दार जड झालं, असा निरोप आला. मृत्युंजयचं तोंड उतरलं. आत्यापुरती एक जुडी गुपचूप देऊन येतो म्हणाला. मी नुसतं बघितलं, मग त्यानं तो विषय सोडला.

पुढच्या शुक्रवारी झाडाखाली रिक्षा थांबली. आतून इरकल नेसलेली दानम्मा उतरली, एका हातात मोठा थर्मास, दुसऱ्या हातात कपांची पिशवी.

"भाचा वर येत न्हाई तर न्हाई," ती मला म्हणाली. "माझा चहा खाली येतो. वहिनी, तुम्ही बी घ्या, उगं तोंड फिरवू नका."

तिनं सगळ्या बायकांना चहा पाजला. मग झाडाच्या ओट्यावर बसून, ही माझ्या माहेरच्या रानातली भाजी, असं ज्याला त्याला सांगत बसली. त्या दिवशी मृत्युंजयपेक्षा तिनंच जास्त माल विकला. मी तिला तसं सांगितलं नाही, नाहीतर डोक्यावर बसली असती.

दसऱ्याला अंबिकानं टमटमला झेंडूचा हार घातला. विकायचा विषय निघाला नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी माल अजून निम्मा होता, बायका उभ्या होत्या, आणि आमचा हिरो आत्याची पिशवी उचलून म्हणतो, हिला घरी सोडून येतो, वाटेतच हाय. वाट कसली, शहराचं पार दुसरं टोक. दानम्मा पदरात हसत होती. मी त्याच्या हातातली पिशवी काढून तिच्या हातात दिली आणि सगळ्यांच्या देखत त्याला म्हणाले,

"भाचा म्हणून जायचं असलं तर रविवारी रिकाम्या हातानं जा. चहा पी, जेव, मुक्काम कर, मी इचारायची न्हाई. पर भाजी घेऊन आलास की तू कुणाचा भाचा न्हाईस. बस गप गाडीत, आणि त्या ताईला वांगी दे."