उंच भिंतीच्या मधला सांधा

सरोवरावरून पश्चिमेचा वारा सुटला की नव्या सभागृहाची उंच भिंत मधोमध हलायची. फार नाही, तळहात टेकवून उभं राहिलं तरच कळावं इतकी. याल्मारीने तळहात टेकवला होता, आणि तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

भिंत सुलोची होती. जुनं सभागृह जळालं तेव्हा गावातल्या फिनिश मंडळींनी ठरवलं, नवं आपल्याच हातांनी उभारायचं. सुलोने लगेच सांगून टाकलं, लाकूड माझ्या रानातलं. हिवाळाभर त्याने झाडं पाडली आणि घरामागच्या करवतीवर स्वतः चिरली. त्या करवतीवर बारा फुटांहून लांब ओंडका बसत नव्हता, आणि भिंत तर वीस फुटी. मग सुलोने जन्मभर केलं तेच केलं. खाली उभ्या लाकडांची एक भिंत, तिच्या डोक्यावर आडवी लाकडं, आणि त्यांच्यावर दुसरी भिंत.

घराला हे चालतं. घरात तो मधला सांधा वरच्या मजल्याच्या जमिनीला बांधलेला असतो, ती त्याला हलू देत नाही. सभागृह मात्र छपरापर्यंत मोकळं. तिथे सांध्याला धरायला मागे काहीच नाही. वाऱ्याने ढकललं की तो दाराच्या बिजागरीसारखा दुमडायला बघतो. आणि नेमक्या त्याच भिंतीत मोठमोठ्या काचा बसायच्या होत्या.

दोघांनी सारी उमर एका परांचीवर काढली होती. याल्मारीने सरळ सांगायला हवं होतं. पण वसंतात सुलोच्या छातीची शस्त्रक्रिया झाली होती. बरा होऊन आल्यापासून तो भेटेल त्याला भिंत दाखवत होता. "हे माझं शेवटचं काम. बघून घ्या," म्हणायचा आणि हसायचा. त्या हसण्यापुढे याल्मारीची जीभ उचलत नव्हती.

म्हणून सुलो दुपारी घरी जाऊन आडवा झाला की याल्मारी शिडी लावायचा. सांध्यावर लोखंडी पट्ट्या ठोकायचा, उभ्या लाकडांना बाजूने जोडलाकडं मारायचा. तरी वारा आला की भिंत हलायचीच.

एका दुपारी सुलोला झोप लागली नाही.

"काय चाललंय रे वर?"

याल्मारीच्या तोंडात खिळे होते. ते हातात घेईपर्यंत सुलो शिडीपाशी येऊन ठेपला.

"काही नाही. जराशी पट्टी मारतोय."

"जराशी? दातांना तारा लावल्यासारखी दिसतेय भिंत माझी! उतर खाली."

याल्मारी उतरला आणि सुलो चढायला लागला. तेवढ्यात त्याची बायको लेंपी कॉफीची किटली आणि वेलदोड्याचा पाव घेऊन आली.

"सुलो! डॉक्टरांनी जिना चढायचा नाही म्हणून बजावलंय ना?"

"जिना कुठे आहे? ही शिडी आहे."

वर जाऊन त्याने सांध्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने वारा आला. सुलोने हात काढला नाही. वारा गेला, पुन्हा आला, तरी तो तसाच उभा. मग सावकाश खाली उतरला.

"तुला कधी कळलं?"

"झाले काही दिवस."

"आणि तुला गं?"

लेंपी किटलीचं झाकण घट्ट करू लागली. "मीच म्हटलं याल्मारीला, जरा दमाने घे. तू नुकताच उठला होतास रे."

"म्हणजे सगळ्यांना माहीत. फक्त बांधणाऱ्याला नाही." सुलो याल्मारीकडे वळला. "चुकली भिंत, चुकली. तोडू. पण तू मला सांभाळून कधीपासून घ्यायला लागलास? एकदा चौकट वाकडी झाली म्हणून हातोडा फेकला होतास माझ्यावर."

"बाजूला फेकला होता."

"माझ्याच बाजूला! छाती फाडलीय रे माझी, डोकं नाही."

कॉफी न घेताच तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. याल्मारी परांचीखाली बसून राहायचा. हत्यारं पेटीतून काढायचा आणि तशीच ठेवून द्यायचा. भिंत परत उभी करता येईल, पण हा माणूस परत येईल का, याचा त्याला भरवसा वाटेना.

मग एका सकाळी सुलोची जुनी गाडी दारात उभी राहिली. हातात पहार. याल्मारीकडे न बघता त्याने सरळ भिंत गाठली आणि पहिली पट्टी उचकटली.

"बघत काय बसलायस? वरचं छप्पर टेकूंवर घे आधी. का तेही माझ्यापासून लपवून करणार आहेस?"

आठवडा गेला त्यात. नंतर दोघं शहरातल्या वखारीत गेले, तळापासून छपरापर्यंत एकसलग जाणारी लाकडं निवडायला. उंच भिंतीला थोडं वाकलेलं लाकूडही चालत नाही. वरचा भार आला की ते आणखी वाकतं. सुलो एकेक लाकूड टोकाशी उचलून, एक डोळा मिटून बघत होता.

"हे नको. याला पोट आलंय."

याल्मारीने बघितलं. लाकूड अगदी सरळ होतं. "हो, नको" हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. त्याने ते गिळले.

"पोट तुला आलंय. लाकूड सरळ आहे. चष्मा पूस."

सुलोने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा बघितलं.

"हं. घे गाडीत." मग पुढचं लाकूड उचलत, "अंतर किती ठेवणार दोन लाकडांत?"

"बारा इंच."

"सोळा पुरेत."

"घराला पुरतात. इथे नाही. आणि मध्ये आडवे ठोकळे पण हवेत, नाहीतर उभी लाकडं पीळ खातील."

"ठोकळे माझ्या लाकडाचे."

"त्यातले सुकलेले असतील तेवढेच. ओले घेणार नाही."

"ओले कोण देतोय तुला? माझं एकही ओलं नाही!"

"अर्धं ओलं आहे."

वखारीचा माणूस पावती घेऊन आला आणि तसाच उभा राहिला. गाडी भरून तयार होती, पण दोघंही तिच्यात चढेनात.