बापाचं रोप

"काकू, हे कशाला उपटलं? चांगलं तर होतं!"

"चांगलं कुठी आहे, बाय? पान तर पाय त्याचं. बाकीच्यांवानी आहे का?"

चंद्रकलाने ते बोटभर रोप मागच्या पाटीत टाकलं आणि उकिडव्यानेच पुढे सरकली. लाखांदूरच्या वाटेवर भैय्याजींची रोपवाटिका आहे, आणि तिथे भेसळ काढावी ती चंद्रकलानेच, हे ठरलेलं. भेसळ काढायची म्हणजे कागदी लिंबाच्या गादीवाफ्यात बसून, जे रोप चारचौघांसारखं दिसत नाही ते उपटून फेकायचं. सगळं बी कोपऱ्यातल्या एकाच जुन्या झाडाचं. शेतकऱ्याला त्या झाडासारखीच लिंबं हवीत, मधेच दुसरं काही निघालं की तो भैय्याजींच्या दारात येऊन तमाशा करतो. चंद्रकलाच्या बोटांना हे इतकं सवयीचं झालं होतं, की तोंडाने गावभरच्या गप्पा चालू आणि हात आपले कामावर.

विचारणारी हर्षा कृषी महाविद्यालयाची पोरगी, शिकायला आलेली. तिने पाटीतलं रोप उचलून हातावर घेतलं.

"काकू, लिंबाच्या एका बीतून दोन-तीन कोंब येतात ना? त्यातले बहुतेक आईच्याच पेशींतून फुटलेले असतात. बापाचा त्यात वाटाच नाही. लिंबाच्या जातीत एक जनुक असतं, त्याची ही करामत. म्हणून ही सगळी रोपं आईची हुबेहूब."

"अन् हे?"

"हे एकटंच रीतसर झालेलं. आईचं बीज, दुसऱ्या कुठल्या तरी झाडाचा पराग. याच्यात बापही आहे, म्हणून तर वेगळं दिसतं."

"अगो बाई! म्हंजे बापाचं आलं का तेवढं उपटाचं," चंद्रकला हसून म्हणाली. "बरं काम आहे मग माझं."

हसली खरी, पण ते बोलणं तिच्या डोक्यातून जाईना. आज सकाळीच घरात रामायण झालं होतं.

तिची कामिनी एकुलती एक. खाण तशी माती, असं सगळं गाव म्हणायचं. तेच नाक, तीच चाल, डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन निघाली की पाठमोरी चंद्रकलाच. ऐकून चंद्रकलाला बरं वाटायचं. कारण कामिनीचा बाप मंगरू म्हणजे दंडारीतला, गावच्या नाचगाण्याच्या खेळातला गाणारा. एका दिवाळीनंतर मंडईच्या, गावोगावच्या जत्रांच्या दिवसांत तो वडशाच्या नाटक कंपनीबरोबर गेला आणि तिकडेच दुसरं घर करून बसला. पोरगी तेव्हा रांगत होती. तेव्हापासून चंद्रकलाच्या घरात गाणं बंद. कामिनी लहानपणी भांडी घासता घासता गुणगुणली तरी पाठीत धपाटा बसायचा. कॉलेज झालं की तिनेही इथेच वाफ्यावर बसायचं, असं भैय्याजींशी बोलूनही झालं होतं.

आणि आज सकाळी तीच कामिनी चुलीपुढे उभी राहून म्हणाली, "आई, मी वडशाच्या नाटक कंपनीत आवाज देऊन आली. त्यांनी घेतलं मले. उद्या तालमीले बोलावलं."

"पाय मोडून ठेवीन," एवढंच चंद्रकला म्हणाली, आणि न जेवता कामाला आली. गेलेलं माणूस तिकडून परत येत नाही, हे तिच्याएवढं कोणाला ठाऊक? पोरगीही गेली तर घरात बोलायला भिंती. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा राग जास्त येत होता. एवढं निवडून निवडून वाढवलं, तरी त्या मेल्याचा गळा पोरीत आलाच कुठून?

दुपार कलली तेव्हा भैय्याजी वाफ्याच्या टोकाला येऊन उभे राहिले आणि कपाळाला हात लावला.

"चंद्रकला, डोये घरी ठेवून आली का वो आज? हे पाय. हे पाय. अख्खी ओळ भेसळ तशीच उभी!"

चंद्रकलाने मागे वळून पाहिलं. खरंच की. जी रोपं हाताला लागताच उपटायची, ती तिने एकूण एक सोडून दिली होती. बारीक पानांची, वाकडी, एकलकोंडी, सगळी वाऱ्यावर मजेत हलत होती. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलं, भैय्याजी. काहाडतो आता."

ती पुन्हा ओळीच्या तोंडाशी जाऊन बसली आणि एकेक उपटत शेवटापर्यंत आली. एकही ठेवलं नाही. लोकांच्या शेतात जाणारी रोपं ती, तिथे दयामाया कसली? हर्षाने एक पिशवीत घालून मागितलं, तर म्हणाली, "ने बापा, तुले शिकाले कामी येईन." पाटी तिने नेहमीसारखी खताच्या खड्ड्यात पालथी केली.

घराजवळ आली तर आतून गाणं ऐकू आलं. आई एवढ्यात येत नाही म्हणून कामिनीने गळा मोकळा सोडला होता. दंडारीतलं जुनं पद. चंद्रकला अंगणातच थबकली. तिने दार लोटलं तशी कामिनी गप्प झाली, आणि सवयीने पाठ चोरून बाजूला सरकली.

ते सरकणं चंद्रकलाच्या जिव्हारी लागलं. ती मोरीवर गेली. हातांना लिंबाच्या पानांचा वास येत होता, तो घासून घासून धुतला.

"थांबली काहून?" तिकडूनच म्हणाली. "अन् ती दुसरी ओळ वर नाई चढत. तिथी खाली उतराचं असते."

कामिनी बघतच राहिली. "तुले कसं ठाऊक?"

"तुझा बाप तिथीच चुके. चुलीपाशी बसून मीच घोटवून घ्यावो त्याच्याकडून."

"तू?" कामिनी मोरीजवळ आली. "आई, तुले गाता येते?"

चंद्रकला मोरीवरून उठली. "सकाळच्या गाडीनं जा. वडशाले उतरली का फोन कर. अन् जेवून जा, उपाशी गळा लागत नाई."

मग तिने पदराला हात पुसले आणि ती ओळ म्हणून दाखवली. पहिल्याच शब्दाला आवाज फाटला. ती खाकरली, आणि पुन्हा पहिल्यापासून धरली.