लुळ्या हाताची पाटी

ये, बस इकडे. आमच्या विक्रोळीच्या चाळीतली गोष्ट सांगतो, माझ्या डोळ्यांदेखत झालेली.

आमचा धोंडिराम. लकवा मारला, उजवा हात गेला, वाचा गेली. समजायचं सगळं, तोंडातून मात्र नुसतं "बा... बा..." आधी लोक बघायला यायचे. मग बंद झाले. उत्तर येत नाही म्हटल्यावर कोण किती बोलणार? दिवसभर हा खाटेवर एकटा, दाराकडे डोळे लावून.

आणि एक दिवस त्याच्याच दारात ही गर्दी! चपला पार जिन्यापर्यंत. आत कोणी एक स्पर्शबाबा बसलेला. पुढ्यात अक्षरांची पाटी, मुठीत धोंडिरामचा लुळा हात.

"देह झोपला, माउली, आत्मा जागा आहे! बोल आत्म्या, बोल!"

बोट सरसर फिरलं. म-ला म-ठा-त ने-ऊ-न ठे-वा.

बाया रडायला लागल्या. त्याची बायको मालन, ती तर पिशवीच भरायला बसली.

मी म्हटलं, "वहिनी, पाटीकडे बाबा बघतोय. धोंड्या बघतोय दाराकडे."

"गप रवा हो भावजी! इतक्या महिन्यांनी बोलले ते माझ्याशी."



तेवढ्यात माधुरी आली. वाचा गेलेल्यांवर उपचार करते ती, हॉस्पिटलातून घरी येते. तिने बाबाला बाहेर काढलं आणि धोंडिरामला, आम्हाला कुर्लीचं, म्हणजे खेकड्याचं, चित्र दाखवलं. ते लपवून बाबाला आत घेतलं.

"काका, आत्ता काय बघितलंत?"

बाबाने डोळे मिटले, मग हळूच एक उघडला. बोट फिरलं. दे-व.

मागून कोणीतरी ओरडलं, "बाबा, देवाला नांग्या कधी फुटल्या?"

"अश्रद्धांपुढे आत्मा रुसतो!"

"रुसला नाही," माधुरी म्हणाली. "चित्र तुम्ही बघितलं नव्हतं, एवढंच. लुळा हात अडवत नाही, न्याल तिकडे जातो. म्हणून तर चांगला डावा सोडून उजवा धरलात."

मग वहिनीला म्हणाली, "अक्षरं त्यांना सध्या जुळत नाहीत. चित्रं कळतात."

तिने दोन चित्रं ठेवली, एक घराचं, एक मठाचं. वहिनी हात धरायला पुढे झाली.

"नको. थांबा."

 बराच वेळ गेला. डावं बोट हळूहळू घरावर आलं. तिने चित्रांची जागा बदलली. परत घरच! बाबा कधी सटकला, कळलंसुद्धा नाही.

वहिनीने स्वतः हो-नाहीची चित्रं पुढे ठेवली. "रागावलात माझ्यावर?"

बोट सरळ "हो"वर.

वहिनी रडत रडत हसली. "हां! हेच माझे! त्या पाटीवर एकदा तरी भांडले काय?"

चमत्कार संपला, तशी गर्दीही गेली. चित्रं घेऊन त्याच्याजवळ बसायला कोणी थांबलं नाही रे.

म्हणून सांगतो, कोणी मुक्याच्या नावाने बोलायला लागला, तर आधी बघ, हात कोण हलवतंय. आणि माझं एवढं काम कर. धोंडिराम वरच्याच मजल्यावर आहे, जागा आहे. जा, चित्रं पुढे ठेव, काहीतरी विचार. आणि घाई करू नको. उत्तर येईपर्यंत बस त्याच्यापाशी.